मोटारीतल्या मोडक्या प्लास्टिकची दुरुस्ती



मे महिन्यातली दुपार डोळ्यांपुढे आणा. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव ह्या पूर्णेच्या सपाटीवरच्या गावांत पारा चाळिसाच्या पुढे गेलेला असतो. स्टँडाबाहेर एखादी बोलेरो किंवा जुनी इंडिका सवारीची वाट पाहत उन्हात उभी आहे. काचा बंद आहेत. अशा गाडीत आतली हवा साठ अंशांच्या घरात जाते आणि काचेखालचा काळा डॅशबोर्ड त्याहून कितीतरी जास्त तापतो. त्यावर तळहात टेकवून पाहा, लगेच मागे घ्याल. चार वाजता सवारी मिळते, ड्रायव्हर कागद काढायला समोरचा कप्पा ओढतो, आणि कट्‌ असा बारीक आवाज होऊन कप्प्याचा आकडा हातात येतो. तेव्हापासून तो कप्पा सुतळीने बांधलेला राहतो. पुढे दाराच्या पॅडची क्लिप जाते, मग एसीच्या जाळीची पट्टी, मग गिअरभोवतीचे झाकण. इंजिन ठणठणीत असते, टायर चांगले असतात, पण राजूर घाट चढताना गाडी आतून पिंपातल्या खड्यांसारखी वाजत जाते.

अशा वेळी दुकानात गेले की उत्तर ठरलेले असते. तुटलेला आकडा बोटाच्या पेराएवढा, पण तो सुटा मिळत नाही, अख्खा कप्पा घ्यावा लागतो. क्लिप मोडली तर पुष्कळदा पॅडच घ्या असे सांगतात. गाडीवर पोट असलेल्या माणसाला हा खर्च परवडत नाही, आणि न केला तर विकताना गाडीची किंमत पडते. म्हणून हे प्लास्टिक घरी किंवा गावच्या गॅरेजात नीट कसे सांधावे, आणि कोणते अजिबात सांधू नये, हे आज पाहू. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे.

जुन्या जीपगाडीत हा प्रश्नच नव्हता. आत सगळा पत्रा, एक बाक आणि वर ताडपत्री. वाकले तर हातोडीने सरळ करायचे, तुटले तर वेल्डिंग मारायचे. गावच्या लोहाराला ती गाडी आपल्या घरची वाटे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि हलक्या गाड्यांचे युग आपल्याकडे सुरू झाले. १९९८ साली पुण्याहून इंडिका निघाली, २००० साली बोलेरो आली. दर नव्या गाडीबरोबर आतला पत्रा कमी होत गेला आणि प्लास्टिक वाढत गेले. ह्यात कंपन्यांची लबाडीच आहे असे समजू नका. प्लास्टिक हलके असते, गंजत नाही, एकाच साच्यातून कप्पा, बिजागरी आणि आकडा मिळून एक तुकडा निघतो, आणि डोके आपटले तर पत्र्यापेक्षा बरे. फक्त लोहाराचा हात तेथे चालत नाही. त्याला वेगळे शास्त्र लागते.

ते शास्त्र मात्र तुमच्या शेतात आधीच येऊन बसले आहे. विहिरीवरून पाणी आणायला तुम्ही दोन प्रकारचे पाइप वापरता. एक पांढरा किंवा राखाडी पीव्हीसीचा. त्याचा जोड कसा करता? टोक पुसून त्यावर डबीतले सोल्युशन लावता, दुसऱ्या पाइपात घुसवून जरा फिरवता आणि धरून ठेवता. थोड्या वेळाने तो जोड असा बसतो की पाइप फुटेल पण जोड सुटणार नाही. सोल्युशन हा डिंक नव्हे. ते प्लास्टिकचा वरचा थर विरघळवते, दोन्ही थर एकमेकांत मिसळतात, पातळ द्रव उडून जातो आणि दोन्हींचे एक होते.

दुसरा तुषार सिंचनाचा काळा पाइप. त्यावर हेच सोल्युशन लावा बरे. काही उपयोग नाही. नख लावले की पापुद्रा निघून येतो. त्याला तापलेल्या तव्यासारखी प्लेट लागते. दोन्ही टोके तिच्यावर मऊ करायची आणि एकमेकांवर दाबून धरायची, की ती एकजीव होतात.

मोटारीच्या आतल्या बहुतेक प्लास्टिकची हीच दोन कुळे आहेत, एक विरघळणारे आणि एक न विरघळणारे. पहिल्याला औषधाने जोडायचे, दुसऱ्याला उष्णतेने. हे कूळ न ओळखता हाती येईल ते चिकटवत बसल्यामुळे दहांतल्या नऊ दुरुस्त्या फसतात. "भाऊ, चारदा फेविक्विक लावलं, काहून नाही टिकत हो?" असे ड्रायव्हर मंडळी विचारतात. टिकत नाही, कारण तो तुकडा काळ्या पाइपाच्या कुळातला असतो.

पहिल्या कुळाचा प्रमुख म्हणजे एबीएस. चकचकीत पट्ट्या, एसीच्या जाळ्या, स्विचांभोवतीच्या चौकटी बहुधा ह्याच्या असतात. टणक लागतो, बोटाने वाजवला की टणटण बोलतो. त्यात रबराचा अंश मिसळलेला असतो, म्हणून धक्का सोसतो. दुसऱ्या कुळाचा प्रमुख पॉलिप्रॉपिलीन, म्हणजेच पीपी. इटलीतले रसायनशास्त्रज्ञ ज्युलिओ नात्ता ह्यांनी १९५४ साली ते व्यवस्थित तयार करून दाखवले, आणि १९६३ साली कार्ल झीगलर ह्यांच्याबरोबर त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपल्या अंगणातली प्लास्टिकची खुर्ची बहुधा ह्याच पॉलिप्रॉपिलीनची असते. मोटारीत दाराची पॅड, खांबांवरची झाकणे, डिकीचे अस्तर आणि आता पुष्कळ डॅशबोर्डही ह्याचेच असतात. हात लावला तर किंचित मेणासारखे लागते.

ओळखण्याची सर्वांत खात्रीची खूण त्या भागाच्या पाठीवरच असते. भाग काढून उलटा करा. बाणाच्या दोन टोकांसारख्या खुणा दिसतील आणि त्यांच्यामध्ये रोमन अक्षरे असतील. ही खूण जगभर एकाच नियमाने घालतात. आयएसओ ११४६९ असा त्या नियमाचा क्रमांक आहे. मूळ हेतू असा की गाडी भंगारात गेल्यावर प्लास्टिक वेगवेगळे करता यावे, पण दुरुस्ती करणाऱ्यालाही तिचा फायदा होतो. ए-बी-एस असेल तर पहिले कूळ. पी-पी असेल तर दुसरे. पी-पीच्या पुढे टी आणि २० असा आकडा असला, तर त्यात शंखजिऱ्याची भुकटी शेकडा वीस मिसळली आहे असे समजावे. पी-सी आणि ए-बी-एस अशी जोडअक्षरे असली तर थोडे थांबा, त्याचे पुढे सांगतो. गुरुजी, सहावी-सातवीच्या मुलांना अशी पाच-सहा झाकणे आणून ही अक्षरे शोधायला लावा. इंग्रजी वाचनही होते आणि विज्ञानही.

खूण झिजली असेल तर पाण्याची परीक्षा. भागाच्या पाठीवरून नखाएवढा तुकडा कापा आणि साबणाचा एक थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवून सोडा. साधे पीपी पाण्यापेक्षा हलके, म्हणून तरंगते. एबीएस बुडते. पण शंखजिरे मिसळलेले पीपीही बुडू शकते, तेव्हा तरंगले तर नक्की दुसरे कूळ, बुडाले तर मात्र लगेच निकाल देऊ नका. पाणी गोडे घ्यावे. खारे पाणी जड असते आणि बुडणाऱ्या वस्तूलाही तरंगवते. संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या खारपाणपट्ट्यातले विहिरीचे पाणी म्हणूनच टाळावे, आणि लोणारच्या सरोवराच्या पाण्यात हा प्रयोग करायला तर जाऊच नये! बुडालेल्या तुकड्याची शेवटची परीक्षा ॲसिटोनची. पाठीवर न दिसणाऱ्या जागी एक थेंब टाकून काडीने घासा. पृष्ठभाग चिकट झाला तर एबीएस. काहीच झाले नाही, नुसते ओले होऊन वाळले, तर पीपी. जाळून वास घेण्याची रीत काही कारागीर सांगतात. ती मुलांना दाखवू नका आणि स्वतःही करू नका. त्यातला तुकडा पीव्हीसीचा निघाला तर आम्लाची वाफ नाकात जाते.

आता तुटते का, हे समजले पाहिजे, नाहीतर सांधलेले पुन्हा तिथेच तुटेल.

पहिले कारण ऊन. प्लास्टिकचा कण म्हणजे अतिशय लांब साखळी. कापूस पिकवणाऱ्या आपल्या जिल्ह्यात हे सांगायला सोपे. लांब धाग्याच्या कापसाचे सूत मजबूत होते, आखूड धाग्याचे लवकर तुटते. उन्हातल्या अतिनील किरणांनी ह्या साखळ्या जागोजाग तुटतात, लांब धाग्याचा आखूड होतो. एबीएसमध्ये ऊन आधी रबराच्या अंशावर घाला घालते, म्हणून तो पिवळा पडतो आणि काचेसारखा ठिसूळ होतो. पाच वर्षे उन्हात राहिलेल्या खुर्चीवर जाड माणूस बसला की काय होते ते लग्नाच्या मांडवात सर्वांनी पाहिले आहे.

दुसरे कारण प्रसरण, आणि ते जास्त खोल आहे. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवताना लोहार ती लाल करतो, तेव्हा ती थोडीशी वाढते, चाकावर जाते, आणि निवली की आवळून बसते. लोखंड वाढते खरे, पण फार थोडे. प्लास्टिक त्याच्या कितीतरी पट वाढते. एक मीटर लांबीचे पीपी तीस अंशांनी तापले तर तीन मिलिमीटर किंवा जरा अधिकच वाढते. तेवढेच लोखंड अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी वाढते. शेतात उघड्यावर टाकलेला वीस फुटी पीव्हीसी पाइप पहाटे आणि दुपारी मोजून पाहा, सेंटिमीटरभर फरक सापडेल. मोटारीत प्लास्टिक लोखंडी सांगाड्यावर बसवलेले असते. रोज दुपारी ते वाढू पाहते आणि रोज रात्री आकसते. म्हणून कारखान्यात त्याची काही भोके गोल न ठेवता लांबट ठेवलेली असतात, म्हणजे स्क्रू जागेवर राहील आणि प्लास्टिक त्याखाली सरकेल. आपला मेकॅनिक काय करतो? खडखड थांबावी म्हणून तो स्क्रू गच्च पिळतो, नाहीतर लांबट भोकात एम-सील भरून टाकतो. खडखड त्या दिवशी थांबते. महिन्याभरात भोकाच्या कडेपासून चीर निघते. तेव्हा लांबट भोक दिसले तर ते चुकीने मोठे झाले आहे असे समजून बुजवू नका. ते मुद्दाम ठेवलेले आहे.

बरे, आता हात घालू. पण त्याआधी थांबा, कारण इथे जिवाचा प्रश्न आहे.

आपल्या देशात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारीत ड्रायव्हरपुढे एअरबॅग सक्तीची झाली. पुढे शेजारच्या बैठकीलाही ती आली. कित्येक गाड्यांत आता ती खांबांमध्ये, छताच्या कडेला आणि बैठकीच्या बाजूलाही असते. ही पिशवी प्लास्टिकच्या झाकणामागे घडी घालून ठेवलेली असते. टक्कर झाली की सेकंदाच्या विसाव्या भागाच्याही आत ती फुगते, आणि ज्या झाकणातून ती बाहेर पडते त्याच्या पाठीमागे मुद्दाम पातळ केलेली रेघ असते. झाकण त्याच रेघेवर उकलावे अशी योजना. अशा झाकणाला चीर पडली म्हणून कोणी पाठीमागून जाळी बसवली, एम-सीलचा थर दिला, तर काय होईल? पिशवी अडेल, तिरपी निघेल, किंवा तो कडक थर फोडून त्याचे तुकडे समोरच्या माणसाच्या तोंडावर फेकेल. जिने वाचवायचे तीच इजा करील.

म्हणून स्टिअरिंगच्या मधले झाकण, डॅशबोर्डचा उजव्या-डाव्या बाजूचा वरचा भाग, खांबांची झाकणे, बैठकीची कड, ह्यांपैकी कुठेही एअरबॅग हा शब्द किंवा एस-आर-एस ही तीन अक्षरे दिसली, तर त्या भागाला डिंक, जाळी, रंग काहीही लावू नका. तो बदलावाच लागतो, आणि तोही ज्याला त्याचे शिक्षण आहे त्याच्याकडून. त्यामागे पिवळ्या रंगाची वायर किंवा कनेक्टर दिसला तर हात लावू नका. जवळचा दुसरा भाग काढायचा असेल तरी आधी बॅटरीची ऋण तार सोडवा आणि दहा-पंधरा मिनिटे तशीच जाऊ द्या. सीटबेल्ट जिथे अडकतो त्या जागेचेही असेच. पैसे वाचवण्याच्या जागा गाडीत पुष्कळ आहेत, ह्या त्यांतल्या नव्हेत. टॅक्सीची जुनी गाडी घेताना ही झाकणे मूळची आहेत की चिकटवलेली, हे बोट फिरवून जरूर बघा.

आता कामाला लागू. झाकण काढताना पेचकस घालून उचकटू नका, त्याने कड चेपते आणि ओरखडा कायमचा राहतो. बांबूची चपटी कामटी घासून घ्या. क्लिप जिथे असेल तिथे अगदी जवळ घाला आणि तिथेच ओढा. लांबून ओढले की झाकण वाकते आणि क्लिपचे घर मोडते. थंडीत, विशेषतः बुलढाणा आणि चिखलीकडे पौषातल्या सकाळी, प्लास्टिक कडक झालेले असते. गाडी पाव तास उन्हात उभी करा, मग काढा. सुट्या क्लिपा मोडल्या असतील तर त्या सांधत बसू नये. त्या बाजारात स्वस्त मिळतात, जुनी नमुना म्हणून न्यावी.

निघालेला भाग भांडी घासायच्या साबणाने धुवा. डॅशबोर्ड चमकवायचे जे पॉलिश असते त्यात बहुधा सिलिकॉनचे तेल असते, आणि त्यावर जगातले कोणतेही चिकटवण धरत नाही. शेवटचे पाणी गोडे घ्या, खाऱ्या पाण्याने वाळल्यावर पांढरी साय राहते. तुटलेले तुकडे सगळे जपून ठेवा. एक कपचाही हरवला तर बुजवायला दुप्पट वेळ लागतो.

एबीएस असेल तर रंगाच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानातून ॲसिटोन आणा. थिनर म्हणजे ॲसिटोन नव्हे, ते अनेक द्रवांचे मिश्रण असते. त्याच भागाच्या पाठीवरच्या फासळीचा किंवा तशाच मोडक्या भागाचा थोडा चुरा काचेच्या बाटलीत घाला, तो भिजेल एवढे ॲसिटोन ओता आणि झाकण लावून ठेवा. काही तासांत मधासारखी लापशी तयार होते. चिरेच्या दोन्ही कडा नुसत्या ॲसिटोनने ओल्या करा, लापशी भरा, जुळवून दाबा आणि कागदी टेपने बांधून ठेवा. वरून कोरडे दिसले तरी चोवीस तास हात लावू नका. आतला द्रव हळूहळू उडतो. पाठीमागून लापशीत भिजवलेला सुती कापडाचा तुकडा लावला की जोड मूळच्यापेक्षाही भक्कम होतो. ॲसिटोन पेट्रोलसारखाच पेट घेतो, तेव्हा चूल, विडी, उदबत्ती दूर ठेवा आणि काम पडवीत करा. दर्शनी बाजूला एक थेंब सांडला तर चकाकी गेलीच म्हणून समजा. आणि जोडअक्षरांचे, म्हणजे पी-सी मिसळलेले प्लास्टिक, त्याला ॲसिटोन लावू नये. ते विरघळण्याऐवजी बारीक तडकते. त्याला दोन नळ्यांतले एपॉक्सी, म्हणजे अराल्डाइटसारखे, चालते. कडा खरखरीत कागदाने घासून लावावे.

पीपीला वरच्यापैकी काहीच लागू नाही. त्याला रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचे सोल्डरिंग आयर्न हवे. आधी चिरेचे टोक शोधा, जिथे ती संपते तिथे दोन-तीन मिलिमीटरचे भोक पाडा. चिरेच्या अणीवर सगळा ताण एकवटलेला असतो, गोल भोकाने तो पसरतो आणि चीर पुढे धावत नाही. हे न करता वरून कितीही सांधा, चीर पुढून निसटते. मग पाठीच्या बाजूने चिरेवर नांगराच्या तासासारखी खाच पाडा, जाडीच्या अर्ध्यापर्यंत. आयर्नच्या टोकाने दोन्ही कडा मऊ करून ठिकठिकाणी टाके घ्या. त्यावर तारेच्या जाळीची, पिठाच्या जुन्या चाळणीची चालेल, बोटभर रुंद पट्टी ठेवून आयर्नने आत बुडवा, आणि वरून त्याच जातीच्या प्लास्टिकची कापलेली काडी वितळवून खाच भरा. मोडक्या पीपी खुर्चीची काडी काढता येते, पण तिच्याखालची खूण आधी वाचावी. एबीएसची काडी पीपीत कधी मिसळत नाही, तेल आणि पाणी जशी. पीपी सुमारे १६५ अंशांवर वितळते आणि आयर्न त्याच्या दुप्पट तापते, म्हणून एका जागी रेंगाळू नका. तपकिरी होऊन धूर आला म्हणजे जळाले, त्यात जोर राहिला नाही. निवताना पाणी मारू नये. उघड्या हवेत, वाऱ्याकडे पाठ न करता बाजूने बसावे, धूर छातीत जाऊ देऊ नये.

आणि आता आपल्या लाडक्या फेविक्विकविषयी, कारण ते टाकाऊ नाही. १९४२ साली अमेरिकेत हॅरी कूव्हर नावाचे रसायनशास्त्रज्ञ बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत असता हा पदार्थ हाती लागला. प्रत्येक वस्तूला चिकटतो म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवला. १९५८ साली तोच चिकटवण म्हणून विकायला निघाला. हवेतल्या ओलाव्याने तो घट्ट होतो. पीपीवर धरत नाही, पण एबीएसवर उत्तम. स्क्रू ज्या नळकांड्यात पिळतो ते फाटते, ही फार नेहमीची मोड. तिथे तुकडे जुळवून फेविक्विकचा थेंब सोडावा आणि वर खाण्याचा सोडा भुरभुरावा. क्षणात दगडासारखा थर होतो. त्याभोवती रेडिओच्या मोडक्या एरियलच्या नळीची करवतीने कापलेली कडी, बरोबर मापाची सापडली तर, चढवून एपॉक्सीने बसवावी. चाकाच्या धावेसारखी ती नळकांड्याला आवळून धरते. सोडा टाकताना उष्णता निघते, बोट दूर ठेवा. कापसाचा बोळा किंवा सुती चिंधी घेऊन सांडलेले फेविक्विक मात्र कधीही पुसू नये. सुती धाग्यावर ते इतके झपाट्याने घट्ट होते की चटका बसतो, धूरही निघतो. कपाशीच्या मुलखात हे मुद्दाम सांगावेसे वाटले.

डॅशबोर्डवरची चामड्यासारखी मऊ कातडी बहुधा पीव्हीसीची असते. तिच्यातला मऊपणा देणारा द्रव उन्हाने उडून जातो, मग ती आकसते आणि भेगाळते. तिच्यात कडक चिकटवण भरू नका, भेग शेजारी उघडते. वर रेक्झिनचे कव्हर शिवून घेणे बरे, पण एअरबॅगची जागा झाकणारे कव्हर नको.

इथे एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू देत नाहीत म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. पुढे त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या. २४ डिसेंबर २०२२ ह्या ग्राहक दिनी केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले. त्यात मोटारींबरोबर शेतीची अवजारेही आहेत. म्हणजे ट्रॅक्टरचा सुटा भाग आणि कारच्या कप्प्याचा आकडा हे एकाच भांडणातले. दुकानात "सुटे मिळत नाही" हे उत्तर शेवटचे समजू नका. भागाच्या पाठीवर क्रमांक असतो, तो लिहून घ्या आणि क्रमांकाने मागा. भंगारवाल्याकडेही तोच क्रमांक दाखवा. जुन्या गाडीतला न तडकलेला भाग मिळाला तर सगळ्या सांधकामापेक्षा उत्तम. गाडी सावलीत उभी राहिलेली होती का, एवढे मात्र त्याला विचारा.

शेवटी बसवणे. प्लास्टिकमध्ये पाडलेले स्क्रूचे आटे नाजूक असतात. स्क्रू ठेवून लगेच उजवीकडे पिळला तर तो नवे आटे कापतो, आणि असे दोन-तीनदा झाले की नळकांडे पोकळ होते. आधी स्क्रू हलक्या हाताने डावीकडे, उलटा फिरवा. एका ठिकाणी तो टिक्‌ करून किंचित खाली बसेल. तिथे त्याला जुना आटा सापडला. आता उजवीकडे पिळा. टेकला की थांबा, हवे तर पाव फेरा मागे घ्या. लांबट भोकाच्या मधोमध स्क्रू येईल असे पाहा. मग गाडी खराब रस्त्यावर नेऊन कान द्या. कुठे करकर ऐकू आली तर आणखी पिळू नका, तो भाग पुन्हा काढा आणि जिथे प्लास्टिकवर प्लास्टिक घासते तिथे जुन्या घोंगडीची बोटभर पट्टी लावा.